उन्हाळी वाळवणाची पहिली सुट्टी : नवख्या घरासाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रात शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे मेच्या आरंभी लागते आणि जूनच्या मध्यास, विदर्भात त्याहून थोडी उशिरा, संपते. या दीड महिन्यात मुलांना कोणत्या शिबिरात घालावे, याची चर्चा बहुतेक घरांत मार्चपासूनच सुरू होते. शिबिरांना आमचा विरोध नाही. परंतु घरातील चार-पाच माणसांनी एकाच कामाभोवती बसावे, आजीने शिकवावे, वडिलांनी चुकावे आणि मुलांनी त्यांना हसावे, अशी संधी विकत मिळत नाही. उन्हाळी वाळवण ही तशी संधी आहे. कुरडया, सांडगे, पापड्या, बटाट्याचा कीस हे सर्व बाजारात बारमाही मिळते, हे खरे. म्हणूनच ज्या घरात वाळवण कधीच झाले नाही, किंवा आजीबरोबर ते थांबले, अशा घरासाठी हा लेख आहे. बचतीसाठी हे करू नये. पहिल्या वर्षी बचत होतही नाही.

आमच्या घरी पहिल्या वर्षी काय घडले ते आधी सांगितलेले बरे. उत्साहाच्या भरात आम्ही चार किलो गहू भिजत घातला. कोणी काय करायचे हे ठरले नव्हते, त्यामुळे सगळे काम एकाच व्यक्तीवर आले, चिकात (भिजवलेल्या गव्हापासून काढलेल्या सत्त्वात) गुठळ्या झाल्या आणि दुपारपर्यंत घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. गच्चीवर धावत जाईपर्यंत निम्म्या कुरडया भिजल्या होत्या आणि त्यांना दोन दिवसांत बुरशी आली. पुढील सूचनांपैकी बऱ्याचशा त्या चार किलो गव्हाने शिकवलेल्या आहेत.

पहिली पायरी : ऊन आणि दिवस ओळखणे

वाळवणाला नुसते ऊन पुरत नाही. कोरडी हवा आणि वाहता वारा यांचीही गरज असते. पदार्थातील पाणी इतके कमी करायचे असते की त्यात जंतू व बुरशी वाढू नये, आणि हवेतच दमटपणा असेल तर कितीही तापमान असले तरी हे काम रेंगाळते. त्यामुळे देशावर, खानदेशात, मराठवाड्यात आणि विदर्भात जी कुरडई दोन-तीन दिवसांत खडखडीत होते, तिला मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत अधिक दिवस लागतात. कोकणातील उन्हाळी कामेही म्हणूनच थोडी निराळी आहेत: तेथे आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुले यांना मान. आमसुले करताना कोकमाच्या साली मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात टाकतात आणि हे काम अनेक दिवस चालते.

होळी झाल्यानंतर वाळवणाचे दिवस सुरू होतात, असे धरावे. शेवटची मर्यादा मात्र कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवावी. सूर्य रोहिणी नक्षत्रात साधारण २५ मेच्या सुमारास आणि मृगात ७-८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो. मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या आसपास पोहोचणे सर्वसाधारण मानले जाते. नवख्यांनी मेचा तिसरा आठवडा संपण्याच्या आत शेवटचा डबा भरावा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आकाशात ढग चढू लागले आणि वारा अचानक पडला, तर मोबाइलवरील हवामानाचा अंदाज पाहत बसू नये. वाळवण आत घ्यावे.

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात आणि गाणी म्हटली जातात. लेकीबाळी घरी असल्या की चार हात जास्त मिळतात, हे जुन्या बायकांना चांगले ठाऊक होते. तुमच्या घरी या दिवसांत आत्या, मावशी किंवा मामेभावंडे राहायला येणार असतील, तर मोठे काम त्याच आठवड्यात धरावे. पाहुण्यांना हातात सोऱ्या देणे हा उद्धटपणा नाही.

दुसरी पायरी : जागा, भांडी आणि माणसे

जागेसाठी सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत ऊन येणारी गच्ची उत्तम. सोसायटीच्या गच्चीची किल्ली सचिवांकडून आधीच मागून घ्यावी आणि कोणत्या कोपऱ्यात, किती दिवस, हे सांगून ठेवावे. फ्लॅटमध्ये फक्त पश्चिमेची बाल्कनी असेल तरी बटाट्याचा कीस आणि सांडगे होतात. कुरडईचा हट्ट मात्र धरू नये.

सामान फार लागत नाही. जुने, धुतलेले, पांढरे सुती धोतर किंवा साडी, स्वयंपाकासाठी चालणारे जाड प्लास्टिक, एक सोऱ्या, जाड बुडाचे मोठे पातेले, लांब लाकडी उलथने, दोन परडी किंवा रुंद चाळण्या आणि झाकायला मलमल किंवा जुनी मच्छरदाणी. कापडाच्या चार टोकांवर ठेवायला विटांचे तुकडे आणावेत. वाऱ्याने कापड उलटले की सकाळची मेहनत धुळीत जाते. खताच्या किंवा रसायनाच्या रिकाम्या गोण्या फाडून त्यावर खाण्याचे काही पसरू नये.

माणसांची वाटणी ही या पायरीतील महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती सर्वांना बसवून, कागदावर लिहून करावी. ‘तू मदत कर’ असे मुलाला सांगितले तर ते दहा मिनिटांत पळते. ‘कीस पाण्यातून काढून पसरण्याचे काम तुझे’ असे सांगितले तर ते टिकते, कारण काम पूर्ण त्याचे असते. सहा-सात वर्षांच्या मुलांना सांडगे घालणे, कावळे-चिमण्या हाकलणे, वाळलेले मोजणे जमते. दहा-बारा वर्षांची मुले बटाटे सोलतात, पीठ मोजतात, वही लिहितात. शेगडी, उकळते पाणी आणि गरम चीक मोठ्यांकडेच ठेवावा. ज्येष्ठांना उन्हात बसवू नये. त्यांनी सावलीत खुर्ची टाकून ‘अजून शिजू दे’ एवढे सांगितले तरी ते या कामातले सर्वांत अनुभवी माणूस ठरतात.

सोऱ्या दाबणे हे ताकदीचे काम आहे आणि ते पुरुषांनी करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमचे सासरे सत्तरीपर्यंत स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येत असत. दुसऱ्या वर्षी सर्वांचे हात भरून आले, तेव्हा त्यांनी न बोलता सोऱ्या उचलला आणि एकसारख्या, गोल, मध्ये न तुटणाऱ्या अकरा कुरडया घातल्या. बारावीला त्यांनी नातवाला हाक मारून मनगट कसे फिरवायचे ते दाखवले. त्या दिवसापासून सोऱ्या त्यांचाच आहे आणि त्याला तेल कोणी लावायचे तेही तेच ठरवतात.

उन्हाची काळजी सर्वांनी घ्यावी. पसरण्याचे काम सकाळी आठ-साडेआठपर्यंत आटोपावे, दुपारी बारा ते तीन या वेळेत गच्चीवर कोणी रेंगाळू नये आणि राखण करणाऱ्याने सावलीतून करावी. माठातील पाणी, ताक, कैरीचे पन्हे जवळ असावे.

तिसरी पायरी : आरंभ बटाट्याच्या किसाने

पहिल्याच दिवशी यश मिळणे आवश्यक आहे, आणि ते बटाट्याचा कीस हमखास देतो. दोन किलो मोठे, जुने, कमी पाण्याचे बटाटे घ्यावेत. वेफर आणि किसासाठी महाराष्ट्रात तळेगावचा बटाटा मागण्याची पद्धत आहे. तो न मिळाल्यास विक्रेत्याला ‘वेफरचा बटाटा’ द्या म्हणावे. नवा, पातळ सालीचा बटाटा टाळावा, कारण तो तळल्यावर लालसर होतो.

बटाटे सोलून लगेच पाण्यात टाकावेत, जाड किसणीने थेट पाण्यात किसावेत आणि दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवावेत. धुतल्याने वरचा पिठूळपणा जातो आणि कीस एकमेकांना चिकटत नाही. शेवटच्या पाण्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवला की कीस काळा पडत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात बेताचे मीठ घालावे, त्यात कीस टाकून तीन-चार मिनिटांत, म्हणजे तो अर्धपारदर्शक दिसू लागला पण मोडला नाही अशा वेळी, चाळणीत उपसावा आणि कापडावर सुटा पसरावा. पदार्थ वाळला की मीठ तेवढेच राहते आणि पाणी जाते. त्यामुळे ओल्या किसाला बरोबर वाटणारे मीठ वाळल्यावर जास्त होते. हा नियम पुढच्या प्रत्येक पदार्थाला लागू आहे.

बटाट्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. दोन किलो बटाट्यांचा वाळलेला कीस साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या पुढे क्वचितच भरतो. मुलांना आधी व नंतर वजन करायला लावावे. पाणी कुठे गेले, हा प्रश्न ती स्वतःच विचारतात आणि विज्ञानाचा एक धडा विनासायास होतो.

चौथी पायरी : सांडगे आणि साबुदाण्याच्या पापड्या

पुढच्या शनिवार-रविवारी सांडगे धरावेत. हरभरा, मूग, उडीद आणि मटकी यांच्या डाळी आवडीप्रमाणे एकत्र चार-पाच तास भिजवून, पाणी न घालता जाडसर वाटाव्यात. लसूण, मिरची, जिरे, कोथिंबीर, हिंग आणि मीठ मिसळावे. नंतर पाण्याचा हात घेऊन बोटांच्या चिमटीने बोराएवढे सांडगे घालत जावे. सर्व घराला एका कापडाभोवती बसवणारे याहून सोपे काम नाही. लग्नघरी कार्याच्या आधी सुवासिनी मुहूर्ताचे सांडगे घालतात ती प्रथा अनेकांनी पाहिली असेल. ही वेळ मुलांना ती सांगण्यास चांगली. ओळी सरळ आल्याच पाहिजेत, असा आग्रह धरू नये. आमच्याकडे पाच वर्षांच्या पुतणीच्या ओळी नेहमी गच्चीच्या दाराकडे वळतात.

साबुदाण्याच्या पापड्यांसाठी एक वाटी साबुदाणा रात्रभर भिजवावा, सकाळी चार ते पाच वाट्या उकळत्या पाण्यात मीठ-जिरे घालून पारदर्शक होईपर्यंत शिजवावा आणि पळीने गोल घालत जावे. प्लास्टिकवरील पापड्या वाळल्या की आपोआप कडा उचलतात. कापडावर घातल्या असतील तर कापड उलटून मागच्या बाजूने पाण्याचा हात फिरवावा, त्या सुटतात.

उडदाचे पापड पहिल्या वर्षी करू नयेत. पापडखाराचे प्रमाण, पीठ कुटणे, एकसारखे पातळ लाटणे, आणि कडक उन्हात न टाकता सावलीच्या हवेत वाळवणे, या सर्वांना सरावाचा हात लागतो. शिवाय हे काम शेजारपाजार जमवूनच होते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटे भरली आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. गच्ची, सात बायका आणि एक लाटणे यांची ही बेरीज कोणत्याही चाळीतील वाळवणाच्या दिवसासारखीच होती. शेजारी जमत असतील, तर दुसऱ्या वर्षी पापड अवश्य करावेत.

पाचवी पायरी : कुरडई

आता मुख्य काम. पहिल्या वेळी अर्धा किलो गहू पुरे. यापेक्षा जास्त घेऊ नये, मग शेजारणीने काहीही सांगितले तरी. नोकरी करणाऱ्या घरासाठी वेळापत्रक असे बसते: गहू निवडून, धुऊन बुधवारी सकाळी भिजत घालावा आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस ठेवावा. पाणी रोज बदलावे, उन्हाळा कडक असल्यास दिवसातून दोनदा. गव्हाला हलका आंबूस वास येणे साहजिक आहे. परंतु पाणी बदलायचे राहिले तर वास उग्र होतो आणि तो पुढे कुरडईतही राहतो. पाणी बदलण्याचे काम एका मुलाकडे द्यावे आणि ते केल्याची खूण फ्रिजवरील कागदावर करायला लावावी.

शनिवारी सकाळी गहू बोटांत दाबला की पांढरे दूध बाहेर आले पाहिजे. तो मिक्सरमध्ये पाणी घालून वाटावा, आधी चाळणीतून व मग मलमलीतून गाळावा, चोथा पुन्हा पाणी घालून वाटून पिळावा. उरलेला चोथा टाकू नये. मराठवाड्यात व खानदेशात त्याच्या भुसवड्या करतात. गाळलेले दूध झाकून न हलवता रात्रभर ठेवले की सत्त्व तळाशी बसते. रविवारी सकाळी वरचे पिवळसर पाणी हलक्या हाताने ओतून टाकावे. तळाशी घट्ट, पांढराशुभ्र राहतो तो चीक.

चीक वाटीने मोजावा आणि तितक्याच वाट्या पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळण्यास ठेवावे. त्यात हिंग आणि कमी मीठ घालावे. चीक ढवळून एकसारखा करून घ्यावा. यापुढचे काम एकट्याने करू नये, हे आम्ही अनुभवाने सांगतो. एकाने उकळत्या पाण्यात चिकाची बारीक धार सोडायची आणि दुसऱ्याने त्याच वेळी न थांबता एकाच दिशेने हाटत राहायचे. धार जाड झाली की गुठळी झालीच. हात थांबला तरी झाली. ओतणाऱ्याने हाटणाऱ्याच्या हाताकडे पाहायचे आणि हाटणाऱ्याने ‘थांब’ म्हटले की थांबायचे. नवरा-बायकोने हे काम एकदा करून पाहावे. लग्नाला किती वर्षे झाली याचा त्यात काही उपयोग होत नाही, असे आढळते.

मिश्रण घट्ट होत जाते, पांढरेपणा जाऊन चकाकी येते. मग आच मंद करून झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावी, मधून मधून हलवावे. पाण्याचा हात लावून पाहिल्यावर चीक बोटाला चिकटेनासा झाला की तो शिजला. कच्च्या चिकाच्या कुरडया वाळताना तुटतात आणि तळल्यावर नीट फुलत नाहीत. म्हणून घाई येथे करायची नाही.

सोऱ्यात घालण्याआधी सर्वांनी वाटीभर गरम चीक तूप, दूध आणि साखर घालून खावा. हा या दिवसाचा हक्काचा नाश्ता आहे. ज्या मुलाने तो एकदा खाल्ला, त्याला पुढच्या वर्षी उठवावे लागत नाही.

सोऱ्याला आतून तेलाचा हात लावावा, शेवेची जाडसर ताटली बसवावी आणि चीक गरम असतानाच, हात भाजणार नाही अशा बेताने फडक्यात धरून, कुरडया घालाव्यात. थंड चीक दाबायला जड जातो. म्हणून पातेले झाकून ठेवून थोडा थोडा घ्यावा. संध्याकाळपर्यंत कडा उचलू लागतात. रात्री ताटांत काढून आत ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा उन्हात द्याव्यात. नवख्यांची एक चूक हमखास होते: वरून कोरडी दिसणारी कुरडई मध्ये ओली असते. एक मोडून पाहावी. लवचीकपणे वाकली तर आणखी एक दिवस, आणि ‘कट्’ आवाज करून तुटली तर झाली. सोमवारी-मंगळवारी मोठी माणसे कामावर गेल्यावर ही तपासणी घरी असलेल्या आजी-आजोबांनी आणि मुलांनी करायची असते, आणि दुपारी फोन करून निकाल कळवायचा असतो.

ओल्या-सुक्या, अर्ध्या वाळलेल्या कुरडया मुले पळवतात. त्यासाठी चार जास्तीच्या घालून ठेवाव्यात आणि पळवू द्याव्यात.

सहावी पायरी : डबे आणि वही

वाळलेला पदार्थ उन्हातून काढून लगेच डब्यात भरू नये. गरम असताना झाकण लावले की आतल्या वाफेचे पाणी होते आणि तेथूनच बुरशीची सुरुवात होते. सावलीत पूर्ण गार होऊ द्यावे, एक नमुना तळून पाहावा आणि मग घट्ट झाकणाच्या, कोरड्या स्टीलच्या डब्यात भरावे. कुरडई तळली की कशी फुलते हे मुलांना दाखवण्याजोगे आहे: वाळल्यावर आत उरलेल्या थोड्याशा पाण्याची कढत तेलात एकदम वाफ होते आणि ती वाफ कुरडईला फुलवते. तेल पुरेसे तापलेले नसेल तर कुरडई तेल पिते आणि कडक राहते.

डबा भरण्याबरोबर वही भरावी. कोणता गहू, किती वाट्या चीक निघाला, किती पाणी लागले, किती दिवस ऊन दिले, काय चुकले आणि कोणी काय केले, एवढे लिहिले की पुरे. आजीचे ‘अंदाजाने घाल’ हे शब्द वहीत तसेच लिहून त्यापुढे तिने प्रत्यक्ष घातलेले माप मोजून लिहावे. तिच्या मुठीत मावलेले मीठ वाटीत ओतून पाहिल्याशिवाय ते माप पुढच्या पिढीला मिळत नाही. आमच्या वहीत तिसऱ्या वर्षीच्या पानावर चिकाचा एक वाळलेला ठिपका आहे आणि त्याभोवती मुलाने पेन्सिलने गोल करून ‘येथे बाबांनी धार जाड सोडली’ असे लिहिले आहे.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर, उघडीप मिळेल त्या दिवशी, सर्व डबे एकदा उघडून वास घ्यावा आणि प्रत्येकातील एक नग मोडून पाहावा. मऊ लागला तर तो डबा आधी संपवायला काढावा.